साळेबुवा विद्यापीठ पाहायला गेले

माझ्या साळ्यानं ज्या घरच्या विहिरीचं पाणी चाखलं नाही, त्या घरात आमच्या नात्यातली एकही मुलगी नांदायला गेली नाही. आणि ज्या घराला त्यानं नाही म्हटलं, त्या घरात पुढं काही ना काही फुटलंच, निदान भांडं तरी. मी वाढवून सांगतो आहे असं वाटत असेल तर कोंढ्यापासून सिहोऱ्यापर्यंत कोणत्याही मांडवात उभं राहून विचारा. लोक साळा हा शब्द शिवीसारखा वापरतात. त्यांना एक तर साळा नसतो, नाही तर माझ्यासारखा नसतो. हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे माझ्या मुलीचा मामा. माणूस हडकुळा, धानाच्या बांधीत बसला तर दिसायचा नाही एवढाच उंच, डोक्याला पंचा, काखेत काळी छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला की ती भिजू नये म्हणून तो तिला पंच्यात गुंडाळायचा आणि स्वतः उघड्या डोक्यानं चालायचा. त्याची शेती कोंढ्याला, माझी सिहोऱ्याच्या अलीकडे, म्हणजे भंडारा जिल्ह्याची दोन टोकं. एवढं अंतर मध्ये असूनही माझ्या घरात आज काय शिजलं हे त्याला माझ्या आधी कळायचं.

मुलीसाठी घर पाहणं हा त्याचा खरा धंदा. शेती तो मधल्या वेळात करायचा. कळवून जाणं त्याला नामंजूर. तो म्हणायचा, "सांगून गेलं का भिंती सारवलेल्या दिसतेत, न सांगता गेलं का मानसं दिसतेत." भर दुपारी जायचा, तेही त्या घरी नाही, शेजारच्या घरी. मग न्हाव्याकडे. मग बैल विकायचे आहेत का म्हणून थेट कोठ्यात शिरायचा, आणि गुरांच्या बरगड्या पाहून घ्यायचा. गुरांच्या पाहिल्या की घरातल्या सुनांच्या वेगळ्या पाहाव्या लागत नाहीत, असं त्याचं शास्त्र होतं. शेवटी विहिरीवर. तिथं डोळे मिटून पाणी प्यायचा आणि जी कोणी सून पाणी भरत असेल तिला विचारायचा, "बाई, दोर जड हाय का ओ?" या एका प्रश्नाला ती सून काय उत्तर देते, हसून देते की मागं वळून पाहून देते, यावर त्या घराचा निकाल लागायचा. सासूसमोर सुनेला कधी काही विचारू नये, हा त्याचा नियम.

नात्यातल्या एका मुलीसाठी वरठीकडचं एक स्थळ होतं. मुलगा कारखान्यात, नवी कोरी फटफटी, घरात पंखा. आम्ही सगळे पाघळलो होतो; मी तर मुलाला हातातलं घड्याळ द्यायला निघालो होतो. साळेबुवा कोठ्यात जाऊन आले आणि चपला घालून चालू लागले. मी रस्त्यात गाठून विचारलं तर म्हणाले, "भाऊजी, जो मानूस फटफटीले रोज पुसते अन् गाईची टाकी कोरडी ठेवते, थो बायकोले बी दिवाळीलेच पाहीन." माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी हाच माणूस म्हशीचं गिऱ्हाईक बनून आमच्या घरी आला होता. माझ्या बापाशी दोन तास म्हशीचा भाव केला आणि घेतली नाही. बापानं चिडून त्याला वाटेला लावलं. त्यानं घरी जाऊन सांगितलं, "घर चांगलं हाय. मानसं अडेल हायेत, पन खोटी नाहीत." यातलं पहिलं वाक्य मी आजवर लक्षात ठेवलं आहे.

त्याचा आणखी एक नियम होता आणि पुढची सगळी भानगड त्या नियमानं केली, म्हणून तो सांगून ठेवतो. घर पसंत पडलं तरी आठ दिवस होकार द्यायचा नाही. लगेच हो म्हटलं की पोरगी जड झाली होती असा समोरच्याचा समज होतो. त्याच्या एका भाचीच्या वेळी मुलाकडचे तीन वेळा येऊन गेले, तिसऱ्या वेळी मुलाची आजी बैलबंडीत बसून आली, तेव्हा कुठं यानं मान हलवली. ती भाची आज त्या घरात हुकूम चालवते, हेही खरं.

आता माझ्या मुलीची गोष्ट. ऐंशी साल उलटून गेलं होतं. आमच्या गावात वीज आली होती पण राहत नव्हती. मुलगी तुमसरला बारावी झाली, पहिल्या नंबरात झाली, आणि आमच्या गावच्या गुरुजींनी माझ्या मागं लागून तिचे इंजिनेरीचे फॉर्म भरले. गुरुजींनी एकाऐवजी दोन विद्यापीठांत भरले आणि ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत, एकाच आठवड्यात, दोन्हीकडून पत्रं आली. दोन्ही सरकारी, दोन्ही नावाजलेली. त्यांची नावं मी लिहीत नाही. एकाला जवळचं म्हणतो, एकाला दूरचं. जवळचं म्हणजे सकाळी भंडारा रोडला गाडीत बसलं की जेवणाच्या वेळेला पोचावं असं. दूरचं म्हणजे एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. जवळ सिव्हिल मिळत होतं, दूर बिजलीचं. पण शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच होता, आणि जिथं तो दिला तिथली ती झाली. लग्नासारखंच, परत मागायची सोय नाही.

माझा निर्णय पक्का होता. जवळचं. एक तर शहरात माझा चुलतभाऊ राहायचा, कचेरीत बाबू. मुलगी त्याच्या घरी राहील, परक्या छपराखाली जाणार नाही. दुसरं, सिव्हिलच्या इंजिनेराला जीप मिळते. कालव्यावरचा साहेब जीपमधूनच यायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हा निर्णय मी चौकातल्या चहाच्या टपरीवर मोठ्यानं सांगून बसलो होतो, त्यामुळे तो बदलणं शक्य नव्हतं. मुलगी दोन-तीन दिवस आमचा बंद पडलेला पंखा उघडून बसली होती, आणि तिसऱ्या दिवशी तो फिरायला लागला. मला त्यातून काही समजायला हवं होतं म्हणता? असेल. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यात पंख्यावरून माणूस ओळखायचा धडा नव्हता.

रविवारी साळेबुवा हजर. छत्री खुंटीला अडकवायच्या आधीच म्हणाले, "भाऊजी, पोट्टीचे दोन स्थळं आलेत म्हनते."

"स्थळं नाही, विद्यापीठं," मी म्हटलं.

"थेच ते. चार वर्सं पोट्टी कोनाच्या दाराशी राहीन, कोनाच्या हातचं खाईन, थे पाहाचं का नाही?"

"पाहायचं काय त्यात? सरकारी आहे."

"सरकारी विहिरीचं पानी मी पेलो हावो," तो म्हणाला. मला रोवणी सोडून जाता येत नव्हतं. बाया मिळत नव्हत्या, मिळाल्या त्या दुसऱ्याच्या बांधीत पळत होत्या. मी म्हटलं, जा बापा, पाहून ये, पण पोट्टी जवळच जाईल. त्यानं दोन्ही पत्रं घेतली, पत्रिका बांधतात तशी लाल फडक्यात बांधली आणि स्वतःच्या शेतातली रोवणी बायकोवर टाकून सोमवारी निघाला. पत्रं इंग्रजीत होती. मुलीनं ती आल्याच दिवशी मला सगळी वाचून दाखवली होती. शेवटची तारीख तेवढी तिच्या वाचण्यात आली नाही, असं ती अजून सांगते.

शुक्रवारी दुपारी तो परत आला. अंगणात पाय धुतले, चहा घेतला, मग मांडी घालून अहवाल दिला. जवळच्याची काय तारीफ! "झाडं लावले हायेत अन् त्यायले पानी बी घालतेत. मास्तर लोक टाइमावर येतेत. एका मास्तराले म्या विचारलं, साहेब, तुमच्या घरी ढोरं हायेत का? थो म्हने, नाही. म्या म्हनलं, हरकत नाही." मग दूरच्याची निंदा. तिथं मुलींचं वसतिगृह आहे, नळावर मुली कपडे धूत होत्या, त्यांना यानं दोर जड आहे का हे विचारलं. नळाला दोर नसतो हे मुलींनी सांगितलं. मग यानं विचारलं, "बरं, सासू कशी हाय?" मुली खो खो हसत सुटल्या, आणि तेवढ्यात वसतिगृहाच्या मॅडमच बाहेर आल्या. यानं त्यांच्याकडेच पाणी मागितलं, प्यालं, आणि त्यांना तोंडावर सांगितलं, "बाई, पानी जड हाय तुमचं."

"मग?" मी खूश होऊन विचारलं. "जवळचंच ना?"

"जवळचं घर चांगलं हाय," तो म्हणाला.

"मग उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ."

साळ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मांडवात उघडा आलो. "काहून भाऊजी? पोट्टी आंधळी हाय का लंगडी? पहिल्या नंबराची पोट्टी, अन् पत्र आलं का तुमी दुसऱ्या दिवशी दारात उभे? गरज त्यायले हाय. आठ दिवस थांबा. आपली बी काही इज्जत हाय का नाही सिहोऱ्याकडं?"

आणि हे मला पटलं. लपवून काय करायचं, अगदी आतून पटलं. माझ्या मुलीसाठी एक विद्यापीठ थोडं ताटकळत बसलं आहे, ही कल्पना मला इतकी आवडली की संध्याकाळी टपरीवर मी तीही सांगून आलो. तारीख विचारायला हवी होती हे आता तुम्ही सांगताय. साळेबुवा त्या आठवड्यात कोंढ्याला परतलेच नाहीत. शनिवारी पहाटे माझ्या बांधीत गुडघाभर चिखलात उतरले आणि बायांच्या ओळीत रोवू लागले. माझ्या शेतात त्या माणसानं त्यापूर्वी काडी उचलली नव्हती. मला वाटलं, वयानं शहाणपण आलं.

रविवारी सकाळी गुरुजी सायकलवरून आले. मुलीला दारात पाहून त्यांचा चेहरा पडला. "हे काय, गेली नाही? काल शेवटची तारीख होती जवळच्याची."

मी बांधापर्यंत कसा पोचलो आठवत नाही. रोवणाऱ्या बायांचं गाणं चाललं होतं, ते माझ्या आवाजानं बंद पडलं. "साळेबुवा! काल तारीख होती! पोरीचं वाटोळं केलं तुम्ही तुमच्या आठ दिवसांनी!" माझा आवाज गावात ऐकू गेला म्हणतात. मला खरंच भीती वाटत होती. दुसरंही हातचं गेलं तर ही एवढी हुशार पोर माझ्या अंगणात शेण थापत बसेल, आणि चूक माझ्या इज्जतीची असेल. साळा सरळ उभा राहिला. हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी, कपाळाला चिखल. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं त्याच्या तोंडून मी ते ऐकलं: "चुकलं भाऊजी. घराची रीत म्या शाळेले लावली."

ओळीतली एक म्हातारी कंबर न उचलता म्हणाली, "काय झालं मामाजी? नवरदेव पळाला का?" आणि सगळ्या बाया अशा हसल्या की माझा राग चिखलात रुतून बसला. साळा म्हणाला, "एक पळाला माय. दुसरा हाय. गुरुवारपर्यंत वाट पाहून राहिला." मी विचारलं, ही तारीख कशी माहीत? तर म्हणे, ही चुकून लक्षात राहिली.

मंगळवारी आम्ही तिघं निघालो. मुलगी, ट्रंक, मी, आणि छत्री काखेत घेऊन साळेबुवा. माझ्या बायकोनं निघताना भावाच्या हातात तांदळाची पिशवी दिली आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. बुधवारी दुपारी विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या फाटकाशी पोचलो. मी पुढं होऊन काही बोलणार, तोच चौकीदार स्टुलावरून उठला आणि साळ्याचा हात धरून म्हणाला, "आ गए मामाजी! बुधवार बोले थे, बुधवार को ही लाए बिटिया को. खिड़की वाला कमरा रखवा दिया है मैडम ने, जैसा आप बोल गए थे."

मी साळ्याकडे पाहिलं. म्हणजे शुक्रवारी माझ्या अंगणात बसून जवळच्याची तारीफ करण्याच्या दोन दिवस आधीच हा इथं खिडकीची खोली सांगून गेला होता. साळा फाटकाजवळचा लिंब पाहत होता. "भाऊजी, झाड मोठं झोकात वाढलं हाय," तो म्हणाला. मुलगी स्वतःच्या पायाचा अंगठा पाहत होती. परक्या गावात मी भांडत नाही. दाखला मी माझ्या हातानं कचेरीच्या खिडकीत दिला आणि बाहेर येऊन चौकीदाराला सांगितलं, की हे विद्यापीठ मीच निवडलं, बिजलीला पुढं मागणी आहे.

दूरचं निवडायचं कारण मला दोन वर्षांनी कळलं, तेही बायकोकडून, तेही भांडणात. जवळच्या विद्यापीठात काही वाईट नव्हतं. त्याची तारीफ त्यानं मनापासूनच केली होती. पण त्याच्या शास्त्राप्रमाणे मुलगी जिथं राहणार ते घर पाहायला हवं, आणि मुलगी विद्यापीठात थोडीच राहणार होती? ती माझ्या चुलतभावाच्या घरी राहणार होती. साळेबुवा सोमवारी दुपारी न सांगता तिथं गेले. माझी चुलतभावजय भांडी घासत बसली होती. मुलगी येणार हे ऐकून ती खुलली आणि म्हणाली, "येऊ द्या हो लवकर. माझी कंबर गेली कामानं. ती आली की भांडेवाली सोडून देते, आणि सकाळचा स्वयंपाकही तिच्याकडे." त्यानं तिथं पाणीसुद्धा मागितलं नाही. हे मला सांगितलं असतं तर मी पहिल्यांदा त्याला खोटं ठरवलं असतं, मग शहरात जाऊन भावाच्या दारात उभं राहून भांडलो असतो, आणि वडिलांपासून एक असलेली आमची घरं फुटली असती. म्हणून त्यानं माझा ताठा धरला, माझाच, आणि त्याला दावं लावून मला त्याच्या मनात होतं तिकडं नेलं. वर सगळ्या बायांसमोर चूक स्वतःच्या डोक्यावर घेतली. मी त्याला या विषयावर कधी छेडलं नाही. छेडलं असतं तर त्याला माफ करावं लागलं असतं, आणि ते काम मला येत नाही.

चुलतभावाशी माझं आजही बरं आहे. मुलगी पास होत गेली. दर दिवाळीला तिला आणायला साळाच जायचा. पहिल्या वर्षानंतर ती एकटी येऊ शकत होती, मैत्रिणींबरोबर येऊ शकत होती, तिनं तसं पत्रही लिहिलं. पण सासरी गेलेल्या लेकीला सणाला आणायला माहेरचं माणूस गेलं पाहिजे ही त्याची रीत, आणि हे सासर नाही हे त्याला कोण सांगणार? कापणी सोडून, जनरलच्या डब्यात बसून, एक रात्र आणि अर्धा दिवस जायचा, तेवढाच परत यायचा, आणि वाटेत तिच्याकडून बिजली कशी चालते हे ऐकून येऊन मला चुकीचं समजावून सांगायचा.

चौथ्या वर्षी त्याचे पाय सुजले. खाटेवरून उठवेना. छत्री मात्र उशाशी. मला म्हणाला, "भाऊजी, यंदा तुमी जा. फाटकाशी उभं राहाचं, अंदर जाचं नाही, पोट्ट्या राहतेत तिथसा." मी म्हटलं, मला शिकवू नको. तो होळीपर्यंतसुद्धा राहिला नाही, पण हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी चिडूनच गाडीत बसलो.

फाटकाशी चौकीदार तोच होता. त्यानं माझ्या मागं पाहिलं. "मामाजी?" मी सांगितलं, बरं नाही त्याला; मी मुलीचा बाप. "अच्छा, अच्छा," तो म्हणाला, पण त्याचे डोळे रस्त्यावरच होते. मग त्यानं भेटायला येणाऱ्यांची वही पुढं केली, नाव लिहा, काम लिहा. मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो, म्हणून आधीच्या लोकांनी काय लिहिलं ते पाहावं म्हणून मी मागची पानं चाळली. कोणी काका, कोणी भाई, कामाच्या रकान्यात भेट, सामान, फीस. आणि गेल्या दिवाळीच्या पानावर एक वेडंवाकडं, चिखलात बगळा चालून गेल्यासारखं अक्षर. कामाच्या रकान्यात साळ्यानं लिहिलं होतं, मुऱ्हाळी. चौकीदारानं बोट ठेवून विचारलं, "ये क्या होता है? तीनों साल यही लिखे हैं." मी म्हटलं, लेकीला माहेरी न्यायला येतो तो.

आत कोणीतरी माझ्या मुलीला हाक मारली. ती पळत येत होती, आणि मी पेन घट्ट धरून त्याच रकान्यात, एक एक अक्षर त्याच्यावरून पाहून, तेच लिहीत होतो.